चरका: हिंगोलीच्या फळबागा आणि बहरातली थंडी

थंडीने फळबागेचे किती नुकसान होणार हे नुसत्या पाऱ्याच्या आकड्यावरून कळत नाही. त्या रात्री झाड कोणत्या अवस्थेत होते हे पाहावे लागते. पीच या फळाच्या बाबतीत ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. भर हिवाळ्यात पीचची मिटलेली कळी शून्याखाली पंधरा-वीस अंशांची थंडीही सोसते. कळी फुगू लागली की ही ताकद उतरते. पूर्ण उमललेले फूल उणे 2.8 अंश सेल्सिअसमध्ये अर्धा तास राहिले तर दहातले एक मरते आणि उणे 4.4 अंशांत दहातली नऊ मरतात. दीड अंशाच्या फरकात बागेचे वर्ष जाते. अमेरिकेतील जॉर्जिया हे राज्य पीचसाठी प्रसिद्ध आहे. तिथे 2023 मध्ये जानेवारी-फेब्रुवारी उबदार गेल्याने झाडे लवकर फुलली, मार्चमध्ये पारा गोठणबिंदूखाली गेला आणि राज्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक पीक हातचे गेले. त्याआधीच्या हिवाळ्याने झाडांना काहीच केले नव्हते. झाड जागे झाल्यावर परत आलेल्या थंडीने हा घात केला.

भारतात पीच होते ते हिमाचल प्रदेशातील राजगडसारख्या भागात, उत्तराखंडच्या रामगडकडे आणि कमी थंडीत येणाऱ्या वाणांमुळे काही प्रमाणात पंजाबच्या मैदानात. हिंगोलीत पीचची बाग नाही आणि होण्यासारखीही नाही. बहुतेक पीच वाणांना फुलण्यापूर्वी सुमारे 7 अंशांखालच्या थंडीचे सहाशे ते हजार तास मिळावे लागतात. मराठवाड्याच्या एका हिवाळ्यात असे तास फार थोडे भरतात. हिवाळ्यात पुरेसे झोपायलाच न मिळालेले झाड वसंतात धड उठतही नाही.

तरीही पीचचा प्रश्न हिंगोलीला परका नाही. इथे तो वेगळ्या पिकांवर आणि वेगळ्या आकड्यांवर उभा आहे. पीचसाठी धोक्याची रेषा शून्याखाली आहे, केळीसाठी ती शून्याच्या पुष्कळ वर, बारा-तेरा अंशांपाशी सुरू होते. संत्रा-मोसंबीचा आंबिया बहर आणि आंब्याचा मोहोर जानेवारी-फेब्रुवारीत येतो, आणि हिवाळा उतरताना येणारी गारपीटही त्याच्याच आगेमागे येते. त्यामुळे बहर आणि थंडीची गाठ कशी पडते, त्यातून काय बिघडते, काय वाचवता येते आणि नुकसान मोजले कसे जाते, हे सारे प्रश्न या जिल्ह्यातही दर हिवाळ्यात उभे राहतात.

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके आहेत. उत्तरेला पैनगंगा, मधून कयाधू आणि दक्षिणेला पूर्णा. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांच्या कालव्यांनी वसमतच्या बाजूला बारमाही पाणी आणले, इसापूर धरणाने कळमनुरीच्या बाजूला. पाणी आले तिथे ऊस, हळद आणि केळी आली. वसमत तालुक्यातील गिरगाव, कुरुंदा आणि कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हा पट्टा शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरच्या केळीपट्ट्याला जोडूनच आहे. अर्धापुरी हे वाण त्याच भागाचे. आता बऱ्याच बागांत ऊतिसंवर्धित ग्रँड नैनची रोपे दिसतात. हळदीसाठी वसमतचे नाव देशभर झाले, 2024 मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. थंडीच्या दृष्टीने मात्र हळद सुरक्षित पीक आहे. जानेवारीत तिची पाने वाळून कंद काढणीला आलेले असतात. केळी त्याच वेळी हिरवीगार, पाण्याने भरलेली आणि उघडी उभी असते.

मराठवाड्यात इतकी थंडी येते कुठून, असा प्रश्न उन्हाळ्यातला 43-44 अंशांचा मराठवाडा पाहिलेल्याला पडतो. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात पुढे सरकला की त्याच्या मागून कोरडे उत्तरेचे वारे दक्षिणेकडे उतरतात. समुद्र दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र आणि रात्र लांब. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडत राहते. ढग असते तर त्यांनी ती अडवली असती, वारा असता तर वरची ऊबदार हवा खाली मिसळली असती. दोन्ही नसले की जमिनीलगतची हवा वेगाने गार होते आणि सूर्योदयाच्या सुमारास पारा सर्वांत खाली जातो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील वेधशाळेत डिसेंबर 2018 आणि डिसेंबर 2024 मध्ये किमान तापमान 5 अंशांच्याही खाली नोंदले गेले. 2018 च्या त्याच लाटेत नाशिक जिल्ह्यातील निफाड 2 अंशांखाली गेले आणि तिथल्या द्राक्षपट्ट्यात दवबिंदू गोठले. आपल्या रोजच्या बोलण्यात या घटनेला वेगळे नावदेखील नाही, इतकी ती विरळा. ‘दवबिंदू गोठले’ असेच आपण म्हणतो.

गार हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराने वाहते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर थंडीचे निम्मे कोडे सुटते. पहाटे पाचला माळावरच्या शेतात अंगावर नुसती शाल पुरते, आणि तीच वाट ओढ्याकडे उतरू लागली की गुडघ्यापासून खाली एकाएकी गारठा जाणवतो, गवतावर दव दाट होते, पायातली चप्पल भिजून जाते. दोन शेतांत दोनशे-तीनशे मीटरांचे अंतर, पण तापमानात दोन-तीन अंशांचा फरक. कयाधू आणि पूर्णेच्या काठची काळी, खोल, सुपीक जमीन केळीला सर्वांत मानवते. गार हवेचे तळेही नेमके तिथेच साचते. बांधावर दाट कुंपण असेल आणि ते उताराच्या खालच्या अंगाला असेल तर हे तळे आणखी भरते. वाऱ्यापासून बाग वाचवण्यासाठी लावलेली शेवरी किंवा गजराज गवत उत्तर आणि पश्चिम बाजूला दाट असावे, उताराच्या तळाशी मात्र गार हवेला निघून जायला वाट ठेवावी, हे म्हणूनच महत्त्वाचे आहे. याकडे फार थोड्या ठिकाणी लक्ष दिले जाते.

केळी हे मूळचे दमट उष्ण प्रदेशातले झाड. 26 ते 30 अंशांत ते सर्वांत जोमाने वाढते, 16 अंशांच्या आसपास नवे पान निघण्याचा वेग जवळजवळ थांबतो. उन्हाळ्याच्या तोंडाला पाच-सात दिवसांत एक पान काढणारे झाड कडक थंडीत पंधरा-वीस दिवस एका पोंग्यावर, म्हणजे गुंडाळलेल्या कोवळ्या पानावर, अडून राहते. पोंगा उलगडत नाही, उलगडला तर पान आखूड आणि चुरगळलेले येते. पानांवर पिवळसर-पांढरट पट्टे पडतात, पुढे ते करपतात. खानदेशात याला ‘चरका’ म्हणतात, आणि तो शब्द नेमका आहे. झाड मरत नाही, त्याला चटका बसलेला असतो. जमीन गार झाल्याने मुळांचे कामही मंदावते, त्यामुळे जमिनीत खत असूनही झाड उपाशी राहते. पिवळेपणा पाहून त्यावर आणखी युरिया टाकणे हा या दिवसांतला नेहमीचा आणि निरुपयोगी खर्च आहे.

पानांचे नुकसान भरून निघते. घडाचे भरून निघत नाही. केळीच्या आयुष्यात तीन वेळा अशा येतात की त्या वेळची थंडी थेट उत्पन्नात उतरते.

पहिली वेळ डोळ्यांना दिसतच नाही. घड बाहेर पडण्याच्या दोन-तीन महिने आधी खोडाच्या आत, जमिनीलगत, फुलकळी तयार होते आणि फण्या किती, प्रत्येक फणीत केळी किती, हे तिथेच ठरून जाते. त्या आठवड्यांत कडाका पडला तर फण्या कमी भरतात, केळी वाकडीतिकडी किंवा एकमेकांना चिकटलेली येतात. ऑस्ट्रेलियात दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्यात असे घड आतल्या आत बिघडतात आणि नोव्हेंबरात बाहेर येतात, म्हणून तिथे त्यांना नोव्हेंबरचे नाव पडले आहे. आपल्याकडे हेच घड मार्च-एप्रिलमध्ये दिसतात. तोवर थंडी विसरली गेलेली असते आणि दोष रोपांच्या कंपनीवर जातो.

दुसरी वेळ निसवणीची. केळफूल खोडाच्या गळ्यातून बाहेर पडून खाली वळते तेव्हा झाड निसवले म्हणतात. या दिवसांत गारठा असेल तर खोडाची वाढ थांबलेली असते, पानांचे देठ एकमेकांत घट्ट बसलेले असतात आणि घडाच्या दांड्याला लांबायला जोर राहत नाही. घड गळ्यातच अडकतो. काही वेळा तो बुंधा फाडून बाजूने बाहेर येतो, काही वेळा वरच्या दोन-तीन फण्या पानांच्या बेचक्यात दाबल्या जाऊन सडतात. अशा झाडाजवळ उभे राहिले तर दिसते की खालच्या फण्या बाहेर लोंबत आहेत आणि सर्वांत मोठी, सर्वांत भाव देणारी वरची फणी आत गुदमरली आहे. हात घालून तिला सोडवता येत नाही, ओढले तर दांडा मोडतो.

तिसरी वेळ घड भरण्याची. केळ्याला थंडी बाधली हे झाडावर सहसा कळत नाही, फळ हिरवेच दिसते. साल नखाने ओरखडली तर फरक कळतो. निरोगी सालीतून पांढरा चीक भराभर येतो, गारठलेल्या फळात तो कमी आणि पाणचट येतो. साल सोलून आतल्या बाजूने पाहिली तर बारीक तपकिरी रेषा उभ्या ओढलेल्या दिसतात. या त्याच्या अन्नवाहिन्या. असे केळे पिकवण केंद्रात गेल्यावर उजळ पिवळे होत नाही, मळकट, राखी छटेचे राहते. गर खाण्याजोगा असतो, पण व्यापारी साल पाहून भाव ठरवतो. शीतगृहात किंवा निर्यातीच्या कंटेनरमध्ये केळी 13 अंशांच्या खाली कधीही ठेवत नाहीत, कारण त्याखाली साल काळवंडते हे सगळ्या जगाला माहीत आहे. हिंगोलीच्या रानात मात्र झाडावरचे घड डिसेंबर-जानेवारीत रात्रीमागून रात्री त्या रेषेखाली काढतात. एखाददुसऱ्या रात्रीने फारसे बिघडत नाही, दिवसा ऊन मिळाले की फळ सावरते. सलग सात-आठ रात्री आणि दिवसही गार, असे झाले की साल सावरत नाही. त्यात घड भरायला लागणारा काळही लांबतो. उन्हाळ्याकडे तोंड असलेला घड तीन-सव्वातीन महिन्यांत तयार होतो, हिवाळ्यात सापडलेल्याला चार महिने आणि कधी त्याहून अधिक लागतात. बाग महिनाभर जास्त सांभाळायची, पाणी जास्त द्यायचे आणि माल तेवढाच.

या तिन्ही वेळा हिवाळ्याबाहेर ठेवता आल्या तर प्रश्नच उरला नसता. लागवडीची तारीख ही म्हणूनच थंडीवरची पहिली आणि सर्वांत स्वस्त उपाययोजना. पण कॅलेंडर मांडून बसले की अडचण उघड होते. जून-जुलैत लावलेली मृगबाग साधारण आठ-नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी-मार्चमध्ये निसवते. निसवण थंडी उतरताना होते हे चांगले, पण तिची फुलकळी खोडात नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच घडलेली असते. सप्टेंबर-ऑक्टोबरची कांदेबाग कोवळ्या वयात थंडीत सापडते आणि दोन महिने जागची हलत नाही. तिची निसवण जून-जुलैत पडते, म्हणजे तिची कळी एप्रिल-मेच्या भट्टीत घडते. फेब्रुवारीत लावलेली बाग ऑक्टोबर-नोव्हेंबरात निसवते आणि तिचे घड ऐन थंडीत भरतात, मात्र उन्हाळ्याच्या सुरुवातीचा बाजार तिलाच मिळतो. निर्दोष तारीख एकही नाही. जिथे जमीन खोलगट, नदीकाठची आहे तिथे फेब्रुवारीची लागवड टाळणे आणि मृगबाग शक्य तितकी जूनच्या सुरुवातीला, मोठ्या व एकसारख्या रोपांनी करणे हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग. झाड जितके लवकर वाढेल, तितकी फुलकळी कडाक्याच्या अलीकडे सरकते. अडचण अशी की जूनच्या सुरुवातीची लागवड कालव्याच्या पाळीवर नाही तर विहिरी-बोअरवर अवलंबून असते, आणि त्या वेळी विहिरींनी तळ गाठलेला असतो. थंडीतले नुकसान अशा रीतीने उन्हाळ्यातल्या पाण्यापर्यंत जाऊन पोचते.

थंडी आल्यावर करण्याच्या उपायांत पाणी सर्वांत भरवशाचे. विहिरीचे पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा पुष्कळ उबदार, चोवीस-पंचवीस अंशांचे असते. ओली जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती सावकाश सोडते. म्हणून कडाक्याच्या दिवसांत पाणी रात्री किंवा पहाटे द्यावे, असा सल्ला कृषी विद्यापीठे देतात. शेतीला वीज बऱ्याचदा रात्री मिळते ही एरवीची मोठी तक्रार या एका कामापुरती उपयोगी पडते, पण पहाटे तीनला साप-विंचवाच्या रानात बॅटरी घेऊन पाणी फिरवणारा माणूस त्याची किंमत मोजत असतो. अमेरिकेतल्या पीचच्या बागांत हेच तत्त्व पुढे नेऊन झाडांवर रात्रभर तुषार सोडतात. पाणी गोठताना दर ग्रॅममागे 80 कॅलरी उष्णता बाहेर टाकते आणि बर्फाच्या कवचातले फूल शून्याच्या आसपास टिकून राहते. केळीवर मात्र हे तंत्र चालवू नये. इथे पारा शून्यापर्यंत जात नाही, पाणी गोठत नाही, आणि ओली पाने बाष्पीभवनाने आणखी गार होतात. शिवाय करपा वाढतो.

घडावर स्कर्टिंग बॅग चढवणे हा दुसरा चांगला उपाय. पिशवीच्या आत तापमान थोडे वर राहते, सालीवर ओरखडे पडत नाहीत आणि फुलकिड्यांपासूनही संरक्षण मिळते. निंबोळी पेंड झाडामागे पाव-अर्धा किलो देण्याची पद्धत आहे. ती मुळांभोवतीची जमीन जिवंत ठेवते. घड पडल्यावर पालाशयुक्त खताची फवारणी भरणीला मदत करते. निसवण ते काढणी झाडावर आठ-दहा कार्यक्षम पाने टिकवणे याहूनही मोलाचे. थंडीत नवे पान मिळत नाही, तेव्हा आहे ते पान विनाकारण कापणे हे घडाच्या तोंडचा घास काढणे आहे. करपलेला भाग तेवढाच काढावा.

धुराबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण थंडी आली की पालापाचोळा पेटवून धूर करण्याची शिफारस दर वर्षी नव्याने होते. जमिनीतून आकाशाकडे जाणारी उष्णता धुराच्या पडद्याने अडत नाही. धुराचे कण त्या कामाला फार बारीक पडतात. बागेला खरी ऊब मिळते ती आगीची, आणि तीही बागेत ठिकठिकाणी लहान लहान शेकोट्या असतील तर. त्यांच्या उष्णतेने जमिनीपासून काही मीटर उंचीवरची ऊबदार हवा खालच्या गार हवेत मिसळते. एका कोपऱ्यात पेटवलेला मोठा, नुसता धुमसणारा ढीग फारसे काही करत नाही. सकाळी उन्हाला अडवून तो उलट नुकसान करू शकतो. ज्या पाचटाने आणि काडीकचऱ्याने धूर करायचा तेच बुंध्याभोवती आच्छादन म्हणून पसरले तर मुळांना हिवाळाभर फायदा होतो.

संत्रा आणि मोसंबीचे नाते थंडीशी वेगळे आहे, आणि ते पीचच्या अधिक जवळ जाते. पीच थंडीने झोपते, थंडी पुरी झाली की जागे होऊन फुलते. मराठवाड्यात तेवढी थंडी नाही, म्हणून शेतकरी संत्र्याला पाणी तोडून झोपवतो. डिसेंबर-जानेवारीत बाग ताणावर सोडायची, पाने मलूल होऊन थोडी गळू लागली की खते देऊन पाणी चालू करायचे आणि आंबिया बहर फोडायचा. हिवाळ्याची थंडी या ताणाला हातभार लावते. म्हणजे डिसेंबरची थंडी संत्र्याच्या मित्रपक्षातली. पण पाणी दिल्यावर, कळ्या फुटू लागल्यावर फेब्रुवारीत लाट परतली तर फुटवा रेंगाळतो, बहर पुढेमागे होतो आणि मधमाश्या गारठ्यात बाहेर न पडल्याने फळधारणा कमी होते. डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला तर ताणच तुटतो आणि बहर आधीच विस्कटतो. ताण देता येतो, आभाळाला थांबवता येत नाही.

आंब्याचेही असेच. रात्रीचे तापमान पंधराच्या खाली काही दिवस राहिले की मोहोर येतो, म्हणून थोडी थंडी हवीच. ती फार लांबली तर मोहोरात नरफुलांचे प्रमाण वाढते, दहा अंशांखाली परागीभवन नीट होत नाही आणि ढगाळ, दमट हवा आली की तुडतुडे व भुरी मोहोरावर बसतात. कोकणात थंडी लांबल्याने हापूसला पुन्हा मोहोर येऊन आधीची वाटाण्याएवढी फळे गळतात. मराठवाड्यातल्या केसरवर भुरी आणि वाऱ्या-गारांचे संकट त्याहून मोठे.

गारपीट ही थंडीच्या लाटेहून वेगळी घटना आहे, तरी फळबागेच्या हिशेबात ती तिच्या शेजारी बसते, कारण दोन्ही बहराच्या दिवसांवर येतात. फेब्रुवारी अखेर ते एप्रिल या काळात बंगालच्या उपसागराकडून येणारी दमट हवा आणि वायव्येकडून वरच्या थरात येणारी गार, कोरडी हवा मध्य भारतावर भेटतात. खाली तापलेली जमीन असते. ढग झपाट्याने उंच चढतात आणि त्यांत गारा तयार होतात. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये ही गाठ जवळपास तीन आठवडे पडत राहिली, राज्यातील 28 जिल्ह्यांत पिके झोडपली गेली आणि मराठवाडा त्यात होरपळला. शेतात उभा गहू, हरभरा, ज्वारी, झाडावर आंबिया बहर, मोहोर आणि घड, सगळे एकाच वेळी सापडले. बारामतीजवळ माळेगावला असलेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने त्यानंतर गारपिटीचा आणि त्यानंतरच्या पीकव्यवस्थापनाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. वसमत-कळमनुरीत मार्चमधल्या गारांचा आणखी एक फटका हळदीला बसतो. शिजवून वाळत घातलेली हळद भिजली की तिचा रंग जातो.

गार लागलेल्या झाडावरचे पहिले दोन दिवस महत्त्वाचे. साल फुटलेली जागा बुरशीला उघडी असते, म्हणून एक टक्का बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी लगेच करावी, मोडलेल्या फांद्या स्वच्छ कापून बोर्डो पेस्ट लावावी आणि साचलेले पाणी काढून द्यावे. केळीची पाने चिंध्या झाली तरी मधली शीर शाबूत असेल तर ती ठेवावीत. हिमाचलमध्ये सफरचंदावर गारांपासून बचावासाठी जाळ्या ताणतात. हिंगोलीच्या केळीच्या हिशेबात तो खर्च बसत नाही.

गार आणि थंडी यांतला मोठा फरक नुकसानीच्या मोजणीत दिसतो. गार पडली की दुसऱ्या सकाळी सगळे डोळ्यांसमोर असते: फाटलेली पाने, खाली पडलेली फळे, तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक, छायाचित्रे आणि पंचनामा. 33 टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान असेल तर आपत्ती मदतीच्या निकषांत ते बसते. 2022 ते 2026 या काळासाठी केंद्राने ठरवलेला दर बहुवार्षिक पिकांना हेक्टरी 22,500 रुपये होता, तोही 2 हेक्टरांपर्यंत. राज्य सरकारने वेळोवेळी त्यात भर घातली. कागदावर शीतलहरही मदतीस पात्र आपत्तींत मोडते. पण थंडीच्या दुसऱ्या सकाळी बाग हिरवीच असते. घड अडकलेला कळतो दोन-तीन आठवड्यांनी, फण्या कमी आल्याचे कळते दोन महिन्यांनी आणि साल काळवंडल्याचे कळते पिकवण केंद्रात, तोवर माल शेतकऱ्याच्या हातून गेलेला असतो. तेव्हा पंचनामा कशाचा करायचा?

हा प्रश्न सोडवण्यासाठीच हवामानावर आधारित फळपीक विमा आला. त्यात बागेत जाऊन नुकसान पाहण्याऐवजी ठरलेल्या केंद्रावरचा पारा पाहतात. केळीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात किमान तापमान सलग 3 दिवस 8 अंश किंवा त्याखाली राहिले तर भरपाई लागू होते. कल्पना योग्य आहे, आणि पंचनाम्याच्या खोळंब्यापेक्षा पुष्कळ बरी. पण त्यात दोन उणिवा आहेत आणि दोन्ही शेतकऱ्याच्या विरोधात जातात. दोन रात्री 7 अंश आणि तिसऱ्या रात्री साडेआठ झाले की साखळी तुटते. झाडाला मात्र ती रात्र वेगळी वाटलेली नसते. घड भरणाऱ्या बागेला तर पंधरवडाभर 9-10 अंश राहिले तरी साल बिघडायला पुरते, आणि त्याची विम्यात कुठेच नोंद नाही. दुसरी उणीव जागेची. महावेध प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, हा मोठा पल्ला आहे. पण एका मंडळात अनेक गावे असतात, आणि केंद्र माळावर किंवा गावालगत असेल तर ओढ्याकाठच्या बागेतले दोन-तीन अंश त्याला दिसत नाहीत. जिथे गार हवा साचते तिथे तापमापक नाही आणि जिथे तापमापक आहे तिथे केळी नाही, असे अनेक मंडळांत होऊ शकते.

यावर एक उपाय हाताशी आहे. किमान तापमापक फार महाग नसतो. बागेत सर्वांत खोल जागी, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, उघड्या आकाशाखाली न ठेवता छोट्या पांढऱ्या हवेशीर आडोशात तो टांगला आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज सकाळी वहीत आकडा लिहिला, तर दोन हिवाळ्यांत त्या शेताचा स्वभाव कळतो: मंडळाच्या केंद्रापेक्षा आपले रान किती अंशांनी खाली असते, कोणत्या रात्री पाणी सोडायला हवे होते, पुढच्या वर्षी कोणत्या तुकड्यात केळी लावू नये. परभणीच्या विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला वाचताना त्यातल्या आकड्यातून आपल्या शेताचे दोन-तीन अंश वजा करता येतात. तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र आणि नांदेडचे केळी संशोधन केंद्र यांना अशा पन्नास वह्या एका पट्ट्यातून मिळाल्या तर हवामान केंद्र कुठे असावे आणि 8 अंश, 3 दिवस ही अट कितपत योग्य, यावर पुराव्यानिशी बोलता येईल. आज हे बोलणे निवेदनांतून होते, आणि निवेदनाला आकड्याची जोड नसते.

केळीसाठी फळपीक विम्यात भाग घेण्याची मुदत गेल्या काही हंगामांत 31 ऑक्टोबर राहिली आहे. थंडीची पहिली लाट साधारण त्यानंतर येते. त्यामुळे विम्याचा अर्ज, बागेत टांगायचा तापमापक आणि घडांसाठीच्या पिशव्या या तिन्ही गोष्टी ऑक्टोबर संपण्याआधीच हातावेगळ्या कराव्या लागतात.